आईची दहा मिनिटे
(घरकामाच्या धावपळीत आध्यात्मिक वाचन कसे करावे?)



"वाचायला पाहिजे हो, पण वेळच मिळत नाही." आध्यात्मिक पुस्तकांचा विषय निघाला की बहुतेक आयांकडून हेच उत्तर येते. आणि ते उत्तर खोटे नाही. पहाटे पाणी भरण्यापासून दिवस सुरू होतो. मग मुलांचे डबे, शाळेची तयारी, घरातील म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी आणि त्यानंतर स्वतःची नोकरी. कोणी शिक्षिका आहे, कोणी परिचारिका, कोणी अंगणवाडीत काम करते, कोणी दुकान सांभाळते. खेड्यावरच्या आपल्या भगिनींना पावसाळ्यात धानाची रोवणी असते, दिवाळीच्या सुमारास कापणी असते आणि भर उन्हाळ्यात तेंदूपत्ता असतो. रात्री भांडी आवरून होईपर्यंत डोळे मिटू लागतात. अशा वेळी पुस्तक हातात घ्या असे सांगणे म्हणजे थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझे देण्यासारखे वाटते.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुलांना पहिली प्रार्थना आईच शिकवते. मूल नापास झाले, नवऱ्याची नोकरी गेली, घरात मृत्यू झाला की धीराचा शब्द तिच्याकडूनच अपेक्षित असतो. ती रोज देत राहते. मात्र आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? जिला स्वतःला काही मिळत नाही, ती दुसऱ्याला किती दिवस देऊ शकेल? म्हणून आजच्या पाठात आपण एवढेच पाहणार आहोत की, आध्यात्मिक वाचन हे रिकामा वेळ असणाऱ्यांचे काम नसून ज्यांना वेळ नाही अशांचीच ती गरज आहे, आणि त्यासाठी दिवसातील दहा मिनिटे पुरेशी होऊ शकतात.

१. आध्यात्मिक वाचन म्हणजे काय?

आपण वर्तमानपत्र वाचतो ते बातमी कळावी म्हणून. मुले पाठ्यपुस्तक वाचतात ती परीक्षेसाठी. आध्यात्मिक वाचन या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. तिथे किती पाने झाली याला महत्त्व नाही. वाचता वाचता देव माझ्याशी काय बोलतो हे ऐकणे, हा त्याचा हेतू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देवाच्या प्रकटीकरणावरील आपल्या दस्तऐवजात सर्व ख्रिस्ती भाविकांना पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला आणि वाचनाला प्रार्थनेची जोड हवी असेही सांगितले. हा आग्रह केवळ फादर आणि सिस्टर यांना नव्हता. 'सर्व भाविकां'मध्ये स्वयंपाकघरातील आईसुद्धा येते.

एका पुस्तकाने माणूस किती बदलू शकतो याचे उदाहरण संत इग्नेशियस लोयोला यांच्या जीवनात आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी शूर सरदारांच्या गोष्टी वाचायला मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. नाइलाजाने त्यांनी ती वाचली. हळूहळू त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मानमरातबाच्या कल्पनांत रमले की त्या वेळी मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की ते विचार सरल्यावरही मनात शांती टिकून राही. पुढे येशूसंघाची स्थापना करणाऱ्या या संताची वाटचाल तिथून सुरू झाली.

मातांनो, ही कसोटी आपल्यालाही उपयोगी आहे. रात्री अर्धा तास मोबाइलवर मालिकेचे तुकडे आणि इकडून तिकडून आलेले निरोप पाहिल्यावर मन कसे होते? आणि शुभवर्तमानाचा एक उतारा वाचल्यावर कसे होते? उत्तर स्वतःच स्वतःला द्यावे.

२. एका विवाहित स्त्रीसाठी लिहिलेले पुस्तक

भक्तीची पुस्तके मठात राहणाऱ्यांसाठी असतात, संसारी बाईने तिची कामे करावीत, असा समज आजही आहे. चारशे वर्षांपूर्वीही तो होता. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी तो खोडून काढला. मादाम द शारम्वाझी नावाच्या एका विवाहित स्त्रीला ते आध्यात्मिक मार्गदर्शन करीत आणि तिला टिपणे लिहून देत. तीच टिपणे वाढवून १६०९ साली त्यांचे 'भक्तिमय जीवनाचा परिचय' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते आजही जगभर वाचले जाते. म्हणजे ख्रिस्तसभेतील एक नावाजलेले भक्तिपुस्तक मुळात जन्माला आले ते एका संसारी बाईच्या गरजेतून!

या पुस्तकात संत फ्रान्सिस सांगतात की प्रत्येकाची भक्ती त्याच्या जीवनस्थितीला शोभणारी हवी. कारागिराने दिवसभर देवळात बसून राहणे किंवा बिशपांनी संन्याशासारखे एकांतात राहणे योग्य नाही. जी भक्ती आपल्या खऱ्या कर्तव्याच्या आड येते, ती कुठेतरी चुकलेली असते. तेव्हा बाळ रडत असताना पुस्तक खाली ठेवावे लागले तर आईने अपराधी वाटून घेऊ नये. बाळाला उचलून घेणे हीसुद्धा देवाची सेवाच आहे. मात्र बाळ झोपल्यावर पुस्तक पुन्हा उचलावे, एवढेच.

३. आपल्याच रेल्वेमार्गावरची एक गोष्ट

आता दूरदेशातून आपल्या भागात येऊ. नागपूरहून गोंदियामार्गे राजनांदगावकडे जाणारी रेल्वे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. गाडीत त्यांना एक परदेशी मिशनरी भेटले. गप्पा झाल्या आणि उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांना बायबलची प्रत दिली. टिळक ती वाचू लागले. येशूचे डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक प्रॉटेस्टंट मंडळीत गेले, तरी त्यांची भक्तिगीते आज सर्व मराठी ख्रिस्ती लोक आपली म्हणून गातात.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या आग्रहाने आणि घरकाम सांभाळून. पतीच्या धर्मांतरामुळे त्यांच्यावर आभाळ कोसळले आणि काही वर्षे त्या मुलाला घेऊन पतीपासून वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे परतल्यावर त्यांनी स्वतः विचार करून १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचे घर कधी रिकामे नसे. आपल्या मुलांबरोबर कितीतरी निराधार मुलांना त्यांनी जेवू घातले, वाढवले. अशा घरात वाचायला निवांत वेळ कसला मिळणार? तरीही १९१९ साली टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरील काव्य याच बाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते.

एक पुस्तक आगगाडीत एका प्रवाशाच्या हाती येते आणि त्याचे फळ घरापर्यंत, पत्नीपर्यंत, पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचते. आपल्या घरातील कपाटात पडून असलेले बायबलही असेच काही करू शकते. मात्र त्यासाठी ते कपाटातून बाहेर आले पाहिजे.

४. ज्यांना वाचणे जड जाते त्यांच्यासाठी

काही भगिनी म्हणतील, "आमचे शिक्षण कमी आहे. जाड पुस्तक पाहिले की भीती वाटते." त्यांनी निराश होऊ नये. आपल्या भाषेतील ख्रिस्ती भक्तिग्रंथांची परंपरा ऐकण्यातूनच वाढली आहे. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणे ऐकण्याची सवय होती. त्यांच्यासाठी फादरांनी मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे प्रथम छापला गेला. देवळात आणि घरात एकाने तो वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा अशी पद्धत होती. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी बायांना लिहिता-वाचता येत नसेल! तरीही प्रभूचे जीवन त्यांच्या मनात उतरले.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी मोठ्याने वाचेल आणि आई पोळ्या लाटता लाटता ऐकेल, तर तेही आध्यात्मिक वाचनच आहे. शिवाय मुलाचे वाचन सुधारते आणि त्याच्या कानावर देवशब्द पडतो तो वेगळाच. आज मोबाइलवर बायबलचे ध्वनिमुद्रण ऐकण्याचीही सोय आहे. ज्या मोबाइलबद्दल आपण तक्रार करतो, त्यालाच थोडे चांगल्या कामाला लावावे.

भाषेबद्दलही एक सूचना. आपल्या गोंदियात मराठीबरोबर हिंदीही घरोघरी बोलली जाते. काही कुटुंबे केरळमधून, काही छत्तीसगडमधून आलेली असतात. ज्या भाषेत आपण दुःखाच्या वेळी देवाला हाक मारतो, त्या भाषेत वाचावे. तिथे शब्द लवकर आत शिरतो.

५. कामकरी आई – संत झेली

बाळ येशूची संत तेरेजा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिची आई झेली मार्टिन फ्रान्समधील आलांसाँ या गावात लेस विणण्याचा व्यवसाय चालवीत असे. हाताखाली कामकरी बाया, गिऱ्हाइकांच्या मागण्या आणि त्यातच नऊ बाळंतपणे. त्यांपैकी चार मुले लहानपणीच दगावली. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत मुलांची आजारपणे आहेत, कामाची काळजी आहे, थकवा आहे आणि या सगळ्यात देवावरचा विश्वासही आहे. १८७७ साली कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा तेरेजा अवघी चार वर्षांची होती. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी झेली आणि तिचे पती लुई यांना पोप फ्रान्सिस यांनी एकत्र संतपद दिले.

आईच्या मागेही त्या घरात एक रीत चालू राहिली. संध्याकाळी वडील आणि मुली एकत्र बसत. उपासनेच्या वर्षावरील एका ग्रंथातील काही भाग वाचला जाई, त्यानंतर एखाद्या बोधपर पुस्तकाची काही पाने. मग सगळे मिळून प्रार्थना करीत. तेरेजाने आपल्या आत्मचरित्रात या संध्याकाळींची आठवण लिहून ठेवली आहे. संत घडतात ते अशा साध्या घरगुती रीतींमधून. पौलाचा सहकारी तीमथ्य यालाही विश्वासाचा वारसा आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला होता, याची आठवण पौलाने त्याला पत्रातून करून दिली आहे.

६. काय वाचावे?

अ) सर्वात आधी शुभवर्तमान. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे. रोज एक अध्याय वाचला तर १६ दिवसांत पूर्ण होते. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय होतात, म्हणजे तीन महिन्यांचे वाचन. लूकचे २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला तर नाताळच्या आदल्या दिवशी संपूर्ण लूक वाचून होतो. त्याचा पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे. तो जड वाटला तर सकाळ-संध्याकाळ असा वाटून घ्यावा.

आ) रविवारचे वाचन. येत्या रविवारी मिस्सामध्ये कोणते शुभवर्तमान आहे ते पाहून शनिवारी रात्री घरी वाचून यावे. मग प्रवचन अधिक कळते.

इ) समजेल असे भाषांतर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सोप्या मराठीत केलेले 'सुबोध बायबल' अनेक घरांत आहे. त्यांच्या या कार्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. बायबल विकत घेताना एवढे पाहावे की कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात. ६६ पुस्तकांच्या प्रतीत तोबित, यहुदीथ, मक्काबी यांसारखी पुस्तके नसतात.

ई) संतांची चरित्रे. लहान आकाराची आणि गोष्टीसारखी असल्यामुळे ती मुलांबरोबर वाचता येतात.

पुस्तक निवडताना थोडी सावधगिरीही हवी. अमुक प्रार्थना इतक्या वेळा म्हणा आणि पैसा मिळेल, ही पत्रके इतक्या जणांना पाठवा नाहीतर संकट येईल, अशा मजकुरापासून दूर राहावे. देवाशी असा सौदा होत नसतो. जे पुस्तक आपल्याला प्रार्थनेकडे, मिस्साकडे, पापकबुलीकडे आणि शेजाऱ्यावरील प्रेमाकडे नेते, ते चांगले. शंका वाटल्यास बिशपांची छापण्यास परवानगी आहे का ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर पाहावे, किंवा सरळ फादरांना विचारावे.

७. कसे वाचावे?

• वेळ ठरवा. 'मिळेल तेव्हा' म्हटले की वेळ कधीच मिळत नाही. मुले शाळेत गेल्यावर चहाच्या वेळी, किंवा रात्री दिवा मालवण्यापूर्वी, जी वेळ जमेल ती कायम करा.

• पुस्तक डोळ्यांसमोर ठेवा. बैठकीच्या खोलीतील काचेच्या कपाटापेक्षा स्वयंपाकघरातील फळी त्याला बरी. त्यावर हळदीचा डाग पडला तरी चालेल.

• सुरुवातीला क्रुसाची खूण करून पवित्र आत्म्याला बोलवा.

• थोडेच वाचा, सावकाश वाचा. एखादे वाक्य मनाला लागले तर तिथेच थांबा. पुढे जाण्याची घाई नाही.

• तेच वाक्य दिवसभर बरोबर ठेवा. पवित्र मरिया सर्व गोष्टी अंतःकरणात जतन करून त्यांचे मनन करीत असे, असे लूक सांगतो. धुणे धुताना, रोवणीच्या बांधीत, बसमध्ये उभे असतानाही हे मनन करता येते. वाचन दहा मिनिटांचे, पण त्याची सोबत दिवसभराची.

• खंड पडला तर सोडून देऊ नका. रोवणीच्या दिवसांत किंवा मुलांच्या परीक्षेत चार दिवस राहिले, तर पाचव्या दिवशी जिथे खूण ठेवली तिथून पुढे सुरू करा. मागचे भरून काढत बसू नका.

किमान अर्धा तास भक्तिभावाने पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला ख्रिस्तसभा नेहमीच्या अटींवर पूर्ण 'इंडल्जन्स', म्हणजे पापाबद्दलच्या शिक्षेची माफी देते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याहून कमी वेळ वाचणाऱ्यालाही तिने विन्मुख पाठवलेले नाही. त्याला अंशतः माफीचा लाभ ठेवला आहे. आईच्या दहा मिनिटांचीही ख्रिस्तसभेला कदर आहे!

८. घरातील इतरांसाठी दोन शब्द

हा पाठ फक्त आयांसाठी नाही. मार्था आणि मरिया यांची गोष्ट आपण ऐकतो, तेव्हा मार्थेला नावे ठेवून मोकळे होतो. पण मार्था कामात एकटी पडली होती, हेही लूकने लिहिले आहे. तिच्या मदतीला कोणी गेले असते तर तीही प्रभूच्या पायाशी बसू शकली असती. आपल्या घरातील मार्थेला बसू देणे कोणाच्या हातात आहे?

बंधूंनो, आठवड्यातील काही दिवस तरी रात्रीची भांडी तुम्ही घ्या. मुलांनो, स्वतःचे दप्तर आणि अंथरूण स्वतः आवरा. सासूबाईंनी सुनेला पुस्तक घेऊन बसलेली पाहिली तर "काम नाही वाटते?" असे म्हणू नये. जमल्यास तिच्याजवळ बसून ऐकावे. आईची दहा मिनिटे घड्याळातून निघत नाहीत. घरातल्या माणसांनी ती तिला द्यावी लागतात. आणि हे देणे वाया जात नाही, कारण तिने जे वाचले ते उद्या सकाळी सगळ्या घराला तिच्या बोलण्यातून, धीरातून आणि क्षमेतून परत मिळते.

दोन-तीन शेजारणींनी मिळून एक पुस्तक घ्यावे आणि आळीपाळीने वाचावे, हाही चांगला उपाय आहे. खर्च वाटला जातो, आणि रविवारी मिस्सानंतर बोलायला एक विषय मिळतो.

विचार करण्यासाठी प्रश्न

१) आमच्या घरातील बायबल शेवटचे केव्हा उघडले गेले? कोणी उघडले?
२) माझ्या दिवसातील कोणती दहा मिनिटे मी प्रभूला देऊ शकते?
३) आईला ही वेळ मिळावी म्हणून मी घरातले कोणते एक काम अंगावर घेईन? (पती व मुलांसाठी)

या आठवड्याचा संकल्प

आज रात्री घरातील बायबल बाहेर काढून पुसून ठेवू या. उद्यापासून मार्कचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून सुरू करू या.

प्रार्थना

हे प्रभू येशू, नाझरेथच्या साध्या घरात तू तीस वर्षे राहिलास. तुझ्या आईचे दळण, पाणी, स्वयंपाक तू रोज पाहिलास. आमच्या घरातील आयांचे कष्टही तू पाहतोस. त्यांच्या थकलेल्या डोळ्यांना तुझा शब्द वाचण्याची गोडी दे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवणारे कोणी दे. आम्हा घरच्यांना त्यांचे ओझे वाटून घेण्याची बुद्धी दे. तुझा शब्द आमच्या चुलीजवळ, अंगणात आणि शेतात आमच्याबरोबर राहो. आमेन.